गावभागातला रविवारचा वर्ग आणि व्हेनेझुएलाचं बंद पाडलेलं तेल

सांगलीच्या गावभागात एका जुन्या वाड्याच्या माडीवर रविवारी संध्याकाळी अभ्यासवर्ग भरतो. पाटी नाही, संस्थेचं नाव नाही. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई तो चालवतात, म्हणून सगळे 'मॅडमचा वर्ग' म्हणतात. एक विषय, पाच रविवार, फी तीनशे रुपये, चहा त्यातच. या खेपेचा विषय होता व्हेनेझुएलात 2002च्या डिसेंबरात पाडलेली तेलबंदी. डाव्या विचाराचं सरकार मतपेटीतून हलत नाही, तर देशाचं तेलच थांबवून त्याला खाली खेचायचं, असा तो डाव होता. ओळखीचे पंपवाले विचारत राहतात की वर्ग कसा आहे, म्हणून सविस्तर लिहितोय. जावं असाच आहे. तीनशे रुपयांत याच्याइतकं कामाचं दुसरीकडं मिळणार नाही. शेवटच्या रविवारबद्दल मात्र माझी तक्रार आहे, तीही लिहिणार आहे.

मी टँकरवाला माणूस. हजारवाडीच्या डेपोवर गाडी भरायची आणि पलूस, विटा, तासगाव, कवठेमहांकाळ, जत या बाजूच्या पंपांवर खाली करायची, यात उमर गेली. आता गाडी मुलगा बघतो. तेलाची बातमी म्हटली की भाव आणि कर एवढंच ऐकायला मिळतं. तेल थांबतं ते नेमकं कुठं थांबतं, कोणाच्या हातानं थांबतं, हे कोणी सांगत नाही. जानेवारी 2024च्या पहिल्या दोन दिवसांत आपण सगळ्यांनी त्याचा अनुभव घेतलाय. नव्या फौजदारी कायद्यात अपघात करून पळून जाणाऱ्या ड्रायव्हरला दहा वर्षांपर्यंत शिक्षा घातली, म्हणून ड्रायव्हर लोकांनी स्टेअरिंग सोडलं. टँकर जागेवर उभे राहिले आणि पंपांवर कॅन, बाटल्या घेऊन रांगा लागल्या. 2 जानेवारीला रात्री दिल्लीत बोलणी झाली तेव्हा गाड्या हलल्या. दोन दिवसांत पंप ड्राय होतात, तर दोन महिने तेल थांबलं तर काय होत असेल, हे मला कळून घ्यायचं होतं.

पहिला रविवार जड जातो. नावं परकी, तारखा भराभर, आणि भिंतीवर नकाशा नव्हता. तरी तो चुकवू नका, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. व्हेनेझुएलाची तेल कंपनी पेडेवेसा 1 जानेवारी 1976ला सरकारी झाली. पण शेल आणि एक्सॉनच्या हाताखाली तयार झालेले साहेबच पुढंही खुर्चीवर राहिले. मालक सरकार, किल्ल्या साहेबांकडं. मॅडमनी फळ्यावर दोनच आकडे मोठे करून लिहिले: 1981 मध्ये कंपनीच्या दर डॉलरमागे 71 सेंट सरकारी खजिन्यात जायचे, 2000 मध्ये 39. बाकीचे खर्चात, परदेशी रिफायनऱ्यांत आणि कंपनीच्या आपल्या कारभारात मुरत होते. उगो चावेझ डिसेंबर 1998 मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले ते या पैशावर हात ठेवायचा असं सांगूनच. नोव्हेंबर 2001 मध्ये त्यांनी एकदम 49 कायदे काढले. त्यातल्या तेलाच्या कायद्यानं रॉयल्टी, म्हणजे काढलेल्या तेलातला सरकारचा हिस्सा, साधारण सहाव्या हिश्शावरून 30 टक्क्यांवर नेली आणि नव्या भागीदारीत सरकारचा वाटा निम्म्याहून जास्त असलाच पाहिजे असं ठरवलं. जमिनीचाही एक कायदा त्यात होता. साहेब, कारखानदार आणि मोठे जमीनदार सगळे एकदम खवळले त्याचं कारण इथं आहे.

एप्रिल 2002चा उठाव मॅडमनी लवकर आटोपला आणि बरं केलं. चावेझनी टीव्हीवर शिट्टी फुंकत कंपनीच्या साहेबांना नावं घेऊन काढलं, चार दिवसांनी मोर्चा निघाला, गोळीबारात माणसं मेली, लष्करातल्या काहींनी चावेझना पकडून नेलं. उद्योजकांच्या महासंघाचे, म्हणजे फेदेकामाराचे अध्यक्ष पेद्रो कार्मोना राष्ट्राध्यक्ष झाले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी संसद आणि सर्वोच्च न्यायालय बरखास्त करून टाकलं. राजधानी कराकासच्या डोंगरावरच्या वस्त्या रस्त्यावर उतरल्या, राजवाड्याचे पहारेकरी सैनिक फिरले आणि 14 तारखेच्या पहाटे चावेझ परत आले. बंदुकीनं जमलं नाही ते तेलानं करू, हा विचार या ठिकाणी सुरू झाला.

दुसऱ्या रविवारपासून वर्ग रंगला. आज मी कोणाला हा वर्ग सांगतो ते दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारसाठी.

2 डिसेंबर 2002. बंद पुकारला फेदेकामारा आणि सीटीव्ही या दोघांनी. सीटीव्ही म्हणजे तिथला जुना कामगार महासंघ, त्याचे पुढारी कार्लोस ओर्तेगा. फेदेकामाराचे कार्लोस फर्नांडेझ. मालकांचा आणि कामगारांचा पुढारी रोज संध्याकाळी एका टेबलावर बसून टीव्हीवर जाहीर करायचे की उद्याही बंद चालू. आधी एक दिवसाचा होता, मग रोज एकेक दिवस वाढवत गेले. मागणी पगाराची नव्हती, बोनसची नव्हती, कोणाला कामावर परत घ्या अशीही नव्हती. राष्ट्राध्यक्षानं जावं, ही मागणी. खासगी टीव्ही वाहिन्यांनी आपल्या जाहिराती बाजूला सारून दिवसरात्र बंदचा प्रचार चालवला. वर्गात मिरजेचे एक निवृत्त रेल्वे गार्ड येतात, ते 1974च्या रेल्वे संपात होते. ते म्हणाले, "आमच्या संपात मालक कधी आमच्या शेजारी बसला नाही." त्यावर मॅडम काही बोलल्या नाहीत, फळ्यावर फक्त कोणाचं दुकान बंद, कोणाचं उघडं, याची यादी काढली. मोठे मॉल बंद, परदेशी कंपन्यांची हॉटेलं बंद, श्रीमंत वस्तीतल्या खासगी शाळा बंद. कराकासची मेट्रो चालू, वीज चालू, गरीब वस्तीतली दुकानं आणि भाजीवाले चालू. यादी एवढी सरळ होती की कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

दुकानं बंद ठेवून सरकार पडत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. खरा घाव तेलावर होता. नोव्हेंबरात हा देश रोज सुमारे 30 लाख बॅरल तेल काढत होता. डिसेंबरच्या अगदी वाईट दिवसांत तो आकडा काही लाखांवर आला. विहिरीवर हातोडा घेऊन कोणी गेलं नव्हतं. वरच्या मजल्यावरचे साहेब, इंजिनिअर, जहाज लावणारे, बिल काढणारे उठून गेले. बंदरात जहाज भरलं गेलं नाही की किनाऱ्यावरच्या टाक्या भरतात, टाक्या भरल्या की पाइपलाइन थांबते, पाइपलाइन थांबली की विहीर बंद करावी लागते. हे सांगताना मॅडमनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "काका, हे तुम्ही आमच्यापेक्षा नीट सांगाल." मी सांगितलं. डेपोत टाकी रिकामी करायला गाडी लागते, गाडीला इनव्हॉइस लागतं, इनव्हॉइसला माणूस लागतो. यातला एक दुवा तुटला की मागचं सगळं तुंबतं. भाव कितीही असू दे, टाकीला भावाशी देणंघेणं नसतं.

मग जहाजाची गोष्ट आली. पिलिन लिओन हे पेट्रोलचं टँकर जहाज. 1981च्या मिस वर्ल्डचं नाव त्याला दिलेलं, कंपनीची बरीच जहाजं सौंदर्यस्पर्धा जिंकलेल्या मुलींच्या नावानं होती. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कप्तान दानिएल अल्फारो यानं ते माराकाइबोच्या सरोवरात, जाण्यायेण्याच्या वाटेवर नांगरून टाकलं आणि आता हलणार नाही असं जाहीर केलं. पोटात 2 लाख 80 हजार बॅरल पेट्रोल. वर्गात मी लगेच हिशेब मांडला: बॅरलला 159 लिटर धरले तर साडेचार कोटी लिटरच्या जवळ. आमच्या 12 हजार लिटरच्या गाडीत भरायचं म्हटलं तर साडेतीन हजारांवर गाड्या. एवढ्या गाड्या एकामागं एक लावल्या तर तीसेक किलोमीटरची रांग होईल. वर्ग एकदम गप्प झाला. तोवर ते जहाज त्यांच्यासाठी बातमीतलं नाव होतं.

बाकीची जहाजंही त्याच्या मागोमाग नांगर टाकून उभी राहिली. सरकारपुढं प्रश्न होता की हे हलवायचं कोणी. माराकाइबोच्या तोंडावर जनरल राफाएल उर्दानेता पूल आहे, साडेआठ किलोमीटरहून लांब. एप्रिल 1964 मध्ये एसो माराकाइबो नावाचं टँकर जहाज त्याच्या खांबांना धडकलं होतं, पूल कोसळला होता, माणसं गेली होती. शिकाऊ माणसांनी पेट्रोलनं भरलेलं जहाज त्या पुलाखालून काढलं तर शहर जळेल, असं बंदवाले टीव्हीवरून सांगत होते. भीती खोटी नव्हती. पेट्रोलपेक्षा पेट्रोलची वाफ वाईट, हे डेपोवरचा पोरगाही जाणतो. ठिणगी पडू नये म्हणून गाडीला अर्थिंगची क्लिप लावल्याशिवाय आम्ही झाकण उघडत नाही. तरी 21 डिसेंबरला दुसऱ्या कप्तानानं, कार्लोस लोपेझनं, नव्यानं जमवलेल्या खलाशांना घेऊन ते पुलाखालून नेलं आणि बाहो ग्रांदेच्या धक्क्याला लावलं. किनाऱ्यावर लोक जमले होते. मॅडमचा भाचा स्पॅनिश शिकलेला आहे, त्यानं त्या दिवसाचं टीव्हीवरचं चित्रण लॅपटॉपवर लावून एकेक वाक्य मराठीत सांगितलं. जहाज पुलाच्या कमानीखाली आलं तेव्हा रेल्वेचे गार्डकाका खुर्चीतून उठून उभे राहिले. पुढं त्या जहाजाला नेग्रा मातेआ असं नाव दिलं, स्वातंत्र्यवीर बोलिवारला लहानपणी सांभाळणाऱ्या गुलाम बाईच्या नावावरून.

तिसरा रविवार कॉम्प्युटरचा. माझ्या दृष्टीनं सगळ्या वर्गातला हा उत्तम. 1996 मध्ये पेडेवेसानं आपलं सगळं कॉम्प्युटरचं काम इंतेसा नावाच्या कंपनीकडं दिलं होतं. तिच्यात 60 टक्के वाटा एसएआयसी या अमेरिकन कंपनीचा, अमेरिकी लष्करासाठीही कामं करणारी ती कंपनी. 40 टक्के पेडेवेसाचा. म्हणजे देशाच्या तेलाचा हिशेब, जहाजांची नोंद, टाक्यांची पातळी, रिफायनरीचं नियंत्रण या सगळ्याच्या चाव्या बाहेरच्यांच्या हातात. डिसेंबरात इंतेसाची माणसंही उठून गेली. पासवर्ड नाहीत, यंत्रणा उघडत नाही. सरकारचा आरोप होता की बाहेरून टेलिफोन लाइनवरून यंत्रणा मुद्दाम बिघडवल्या. एसएआयसीनं तो नाकारला, आणि 2004 मध्ये अमेरिकी सरकारच्या विमा संस्थेनं कंपनीच्या बाजूनं निकाल देऊन तिची मालमत्ता व्हेनेझुएलानं हिरावून घेतली असं ठरवलं. मॅडमनी दोन्ही बाजू तेवढ्याच सविस्तर मांडल्या. त्यांची सहानुभूती कुठं आहे हे लपत नाही, पण समोरच्याचा कागद त्या लपवत नाहीत. मला हे फार मोलाचं वाटलं.

आमच्याकडं पूर्वी डिप रॉड घालून, हायड्रोमीटरनं डेन्सिटी बघून, वहीत लिहून काम चालायचं. आता गँट्रीवर, म्हणजे गाडी भरायच्या जागी, ऑटोमेशन आहे. ड्रायव्हरनं कार्ड लावल्याशिवाय, वर ऑफिसातून परवानगी आल्याशिवाय थेंब पडत नाही. सिस्टीम बंद पडली की गाड्यांची रांग गेटाबाहेर, आणि जुना ऑपरेटर असेल तरच हातानं लोडिंग करून वाट मोकळी होते. व्हेनेझुएलात असंच झालं. पेन्शनीत गेलेले जुने ऑपरेटर घरातून परत आले. त्यांना कॉम्प्युटरच्या आधीचे दिवस ठाऊक होते. व्हॉल्व्ह हातानं फिरवले, टाकीवर चढून मोजमाप घेतलं, टेलिफोनवरून आकडे कळवले, कागदावर बिलं केली. पुएर्तो ला क्रूझच्या रिफायनरीत तर मूळच्या कामगारांनीच यंत्रं पूर्ण मरू दिली नाहीत. हे ऐकताना माझा ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू. आयुष्यभर ज्याला 'हेल्पर', 'खलाशी' म्हणून हाक मारली जाते त्याच्या अंगात एका देशाचं तेल चालू करण्याइतकं ज्ञान असतं, हे कोणीतरी फळ्यावर लिहून दाखवलं.

त्याच रविवारी साखर कारखान्यातले एक केमिस्ट बोलले. रिफायनरी थांबवणं सोपं, चालू करणं अवघड का, हे इस्लामपूरची स्पर्धा परीक्षा करणारी मुलगी विचारत होती. ते म्हणाले, भर गाळपात मिल थांबली की पाइपातला रस आंबतो, टाक्या धुवाव्या लागतात, बॉयलर परत तापवावा लागतो, एका दिवसाच्या थांब्याला तीन दिवस भरावे लागतात. जड तेलाचंही तसंच, नळीत थंड झालं की घट्ट बसतं. मुलीच्या चेहऱ्यावरून कळलं की तिला समजलं. आपल्या भागात अशी माणसं एका खोलीत बसू शकतात, ही या वर्गाची खरी कमाई आहे.

चौथ्या रविवारी लोकांचं जगणं. यात मॅडमनी आकडे कमी केले आणि लोकांनी काय काय सोसलं ते सांगितलं. पेट्रोलसाठी रात्रभर गाडीत झोपून रांगा. तेल विकणाऱ्या देशाला ब्राझीलकडून पेट्रोल घ्यावं लागलं. डिसेंबरच्या शेवटी तिथल्या पेत्रोब्रास या तेल कंपनीचं जहाज 5 लाख 20 हजार बॅरल घेऊन आलं. स्वयंपाकाचा गॅस संपला, कराकासच्या इमारतींत बायकांनी लाकडं पेटवून चूल केली. नाताळात तिकडं केळीच्या पानात बांधून शिजवलेला मक्याचा पदार्थ करतात, अयाका म्हणतात त्याला, तो त्या वर्षी अनेक घरांत झाला नाही. बेसबॉलचा हंगाम रद्द झाला. तिकडं बेसबॉल म्हणजे आपल्याकडची कुस्ती आणि क्रिकेट दोन्ही, त्यामुळं तो राग फार होता. जानेवारीत एक जनरल कोका-कोलाच्या गोदामात शिरला, साठवून ठेवलेला माल लोकांत वाटा म्हणून हुकूम दिला, बाटली उघडून प्यायला आणि कॅमेऱ्यासमोर मोठी ढेकर दिली. वर्गातली तरुण पोरं हसली. मॅडमनी शांतपणे सांगितलं की अशा एका प्रसंगावरूनही त्या देशाच्या दोन बाजूंची एकमेकांबद्दलची घृणा किती होती ते कळतं. एका बाजूला तो जनरल वीर वाटला, दुसऱ्या बाजूला रानटी.

जगाचं सांगायचं तर अमेरिका इराकवर हल्ल्याची तयारी करत होती आणि तिला तेल देणाऱ्या पहिल्या काही देशांत व्हेनेझुएला होता. डिसेंबर संपता संपता कच्च्या तेलाचा भाव बॅरलला 30 डॉलरच्या वर गेला. ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष लुला यांनी पुढाकार घेऊन मित्रदेशांचा गट बसवला, अमेरिकी देशांच्या संघटनेचे सेसार गाविरिया महिनोन्महिने मध्यस्थी करत होते. जानेवारीच्या शेवटाला दुकानदारांचंच पेकाट मोडलं. नाताळचा धंदा गेलेला, कर्जाचे हप्ते अंगावर. फेब्रुवारी 2003 लागता लागता मॉल आणि शाळा उघडल्या आणि बंद संपला. चावेझ राहिले. पुढच्या वर्षी, 15 ऑगस्ट 2004ला त्यांना पदावरून हटवावं का यावर मतदान झालं, त्यात सुमारे 59 टक्के लोकांनी त्यांना ठेवलं.

आता तक्रार. पाचवा रविवार मॅडमनी उरकला. एक तास तर आधीच्या चर्चेतच गेला, आणि मग 18 हजारांहून जास्त लोकांना कंपनीतून काढलं, हे एका वाक्यात सांगून त्या पुढं गेल्या. कंपनीत माणसं होती सुमारे 40 हजार. म्हणजे जवळजवळ निम्मी. नावांच्या याद्या वर्तमानपत्रात छापल्या. मी हात वर केला आणि म्हटलं, मॅडम, याच्यावर एक अख्खा रविवार पाहिजे.

माझं मत स्पष्ट आहे. ज्या साहेबांनी लोकांनी निवडून दिलेलं सरकार पाडायला देशाचं तेल थांबवलं त्यांना काढलंच पाहिजे. खलाशी आणि पेन्शनर रात्रंदिवस राबत असताना जे टीव्हीवर बसून सरकार कोसळण्याच्या तारखा देत होते त्यांना परत खुर्ची कशी द्यायची? पण 18 हजार म्हणजे सगळे साहेब नव्हते. त्यात भूगर्भशास्त्रज्ञ होते, रिफायनरीचे बोर्डमन, म्हणजे कंट्रोल रूममध्ये बसून यंत्रं चालवणारे, होते, सुरक्षेची माणसं होती, वरच्यानं सांगितलं म्हणून घरी बसलेले होते. तेलातला माणूस एका वर्षात तयार होत नाही. डेपोवर एक जुना ऑपरेटर रिटायर झाला की पुढची कितीतरी वर्षं त्याची उणीव जाणवते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. जुन्यांनी आणि खलाशांनी तेल चालू केलं, ही तिसऱ्या रविवारची गोष्ट खरी. त्यांच्या पुढच्या पिढीला शिकवायला कोण उरलं, ही पाचव्या रविवारची गोष्ट व्हायला हवी होती.

कारण पुढं काय झालं ते बघा. ऑगस्ट 2012 मध्ये आमुआयच्या रिफायनरीत गॅस गळून स्फोट झाला, 40 हून जास्त माणसं गेली. सरकार म्हणालं घातपात, जाणकार म्हणाले देखभालीची हयगय. 2013 मध्ये चावेझ गेले. मग भाव कोसळले, जानेवारी 2019 मध्ये अमेरिकेनं पेडेवेसावर निर्बंध घातले, आणि 2020च्या मध्यात उत्पादन रोज चार लाख बॅरलच्या आसपास घसरलं. 2002 मध्ये टाळं लावूनही जे फार दिवस टिकलं नाही, ते आता कोणी टाळं न लावता झालं. मे 2020 मध्ये त्यांना पेट्रोल इराणहून आणावं लागलं, पाच जहाजं. यात निर्बंधांचा वाटा किती, वाईट कारभाराचा किती, पैसा विहिरीत परत न घालण्याचा किती आणि त्या 18 हजारांचा किती, यावर भांडण व्हायला पाहिजे होतं. वर्गात ते करू शकणारी माणसं बसली होती. आपलंही त्यात काही होतं: ओएनजीसीनं 2008 मध्ये तिकडच्या सान क्रिस्तोबाल क्षेत्रात 40 टक्के वाटा घेतला, जामनगरच्या रिफायनरीत त्यांचं जड तेल येत होतं. केमिस्टांनी तो प्रश्न काढला, पण तोवर सात वाजून गेले होते आणि खालच्या घरातल्या आजी जिन्याचा दिवा बंद करायला आल्या होत्या.

सोयींबद्दल. जिना लाकडी आणि उभा आहे, गुडघ्यांचा त्रास असेल तर कोणाला तरी बरोबर आणा. 2019च्या पुराच्या पाण्याची रेघ खालच्या भिंतीवर अजून दिसते, म्हणून पुस्तकांची कपाटं सगळी माडीवर नेली आहेत आणि बसायला जागा थोडी कमी पडते. साडेपाच म्हटलं तरी पावणेसहाशिवाय सुरू होत नाही. पंखा एकच. चहा चांगला, गवती चहा घातलेला, सोबत भडंग. दिलेल्या झेरॉक्स पुसट आहेत, आकड्यांच्या पानावर तर 3 आणि 8 ओळखू येत नाहीत. तीनशेत नीट प्रिंट आणि एक मोठा नकाशा बसायला हरकत नाही. बायकांची संख्या चांगली आहे, मुलींना बिनधास्त पाठवा. चर्चेत कोणी आवाज चढवला तर मॅडम लगेच थांबवतात, मग तो डावा असो की उजवा.

पाचपैकी चार गुण. पाचवा मी राखून ठेवलाय.

पुढचा विषय चिलीचा, ऑक्टोबर 1972 मध्ये ट्रकमालकांनी तिथले डावे राष्ट्राध्यक्ष अय्येंदे यांच्या सरकारविरुद्ध ट्रक थांबवले तो. गाडीवाल्यांनी, डेपोवाल्यांनी, पंपवाल्यांनी तर यावंच, कारण तिथं प्रश्न थेट आपल्या धंद्याचा आहे: गाडी कोणाची, चालवतो कोण, आणि थांबवायचं ठरवतो कोण. मी फी भरली आहे. मॅडमना सांगितलंय की या वेळी सहावा रविवार धरा, पन्नास रुपये जास्त घ्या, आणि ट्रक परत सुरू झाल्यावर ड्रायव्हरचं पुढं काय झालं त्यावर तो सगळा द्या. त्या म्हणाल्या, "काका, मग त्या रविवारी फळ्याजवळ तुम्हीच उभे राहायचं." मी हो म्हटलंय.